चौघींचे चेहरे

अंडी उबवण्याच्या त्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी बजावून सांगत. एक, आत जाताना चपला बदलायच्या. दुसरी, मावशी यंत्रांशी बोलत असल्या तर मध्ये तोंड घालायचं नाही.

यंत्रं चार होती, एकेक लहानशा खोलीएवढं. बसवणाऱ्या कंपनीने बाहेरच्या दारापासून मोजत त्यांच्यावर एक ते चार असे आकडे रंगवले होते, पण ते आकडे कंपनीलाच लखलाभ. मावशींच्या लेखी त्या चौघी बहिणी होत्या आणि ज्या क्रमाने घरात आल्या त्या क्रमाने त्यांची नावं पडली होती: थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. थोरली तापट. जरा दुर्लक्ष झालं की पारा चढलाच. धाकटी गुणाची, शेंडेफळ लाडावलेलं, उगाच शिटी वाजवून सगळ्यांना धावायला लावणारं. आणि मधली रुसकी. तिचा पंखा मनात असलं तर फिरे, नाहीतर घुमा होऊन बसे. "मधली रुसलीय, जरा थोपटून या," असं मावशींनी म्हटलं की वायरमन निमूटपणे जाऊन तिच्या दारावर दोन थापा मारायचा, आणि पंखा सुरूही व्हायचा. यात शास्त्र किती आणि योगायोग किती, याच्या खोलात कुणी शिरलं नाही, कारण पिल्लं वेळेवर बाहेर पडत होती.

मावशी कामाला लागल्या तेव्हा एकटी थोरलीच होती. पुढे मावशींना दोन मुलं झाली, ती शिकून आपापल्या वाटेने गेली, नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान दोनदा जागा बदलून शेवटी घरातल्याच पुढच्या खोलीत आलं, आणि या सगळ्यात चौघींची चाकरी एक दिवस चुकली नाही. अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावायचं आणि ऊब ओळखायची, ही त्यांची रीत. उष्णतेचे काटे नंतर बघायच्या, तेही काट्यांचा मान राखायचा म्हणून.

मग मालकांच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आली. ती संगणकाचं शिकलेली होती. सासऱ्यांच्या कारखान्यात माणसं तासातासाला चार दारांपाशी जाऊन काटे बघतात हे तिने पाहिलं, आणि महिनाभर खपून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. आता बाहेरच्या टेबलाशी बसून चारही यंत्रांचं तापमान दिसे, कमीजास्त करता येई, एखादं यंत्र बंदही करता येई. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र खिडकी, आणि प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात एक इवलंसं पीस.

त्या पिसावर मालक एवढे खूश झाले की विचारू नका. "बघितलंत? पिल्लांचा कारखाना म्हणून पीस! याला म्हणतात डोकं!" हे त्यांनी खाद्यवाल्याला सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला सांगितलं, खोकी पोचवायला आलेल्या ड्रायव्हरलाही थांबवून सांगितलं. सासूबाईंनी तर शेजारणींना खास बोलावून पीस दाखवलं. सूनबाई त्या वेळी मान खाली घालून हसायची. सगळ्यांना वाटलं, विनय! घरात तिला कुणी कामाला हात लावू देत नसे. तिला आधी वाढायचं, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं चाललं होतं. लोक एकदा कौतुक करायला बसले की समोरचा माणूस अवघडलाय हे त्यांना दिसत नाही, त्याला कुणी काय करावं!

मावशींनी सुरुवातीला त्या संगणकाकडे संशयाने पाहिलं. पण सांध्यांनी कुरकुर सुरू केली होती, आणि बसल्या जागी चौघींची खबर कळते हे त्यांना मनापासून आवडलं. त्या बघताबघता तयार झाल्या. पडद्याच्या खालच्या पट्टीवर चार पिसं ओळीने बसलेली असत. पहिलं थोरलीचं, दुसरं मधलीचं, तिसरं धाकटीचं, चौथं शेंडेफळाचं. खिडक्या उघडतील त्या क्रमाने पिसं बसत, आणि मावशी रोज सकाळी याच क्रमाने त्या उघडायच्या. हाताला जागा पाठ झाली होती.

ज्या दिवशी घोटाळा झाला त्या दिवशी सकाळी वीज जाऊन आली होती. मावशी आत अंडी तपासत होत्या, म्हणून संगणक वायरमनने सुरू केला आणि खिडक्या त्याला सापडतील तशा उघडल्या. दुपारी धाकटी रिकामी झाली. तिला धुऊन काढायचं होतं, म्हणून मावशींनी सवयीने पट्टीवरचं तिसरं पीस दाबलं, उघडलेल्या खिडकीत 'बंद' दाबलं, आणि बादली घेऊन आत गेल्या. धाकटीचा पंखा अजून चालूच होता. मावशींना वाटलं, पोरगी थंड व्हायला वेळ घेतेय. भिंतीवरच्या बटणाने त्यांनी तो बंद केला आणि घासायला लागल्या.

हात पुसत बाहेर आल्या आणि जाताजाता मधलीपाशी थांबल्या. आवाज नव्हता. रुसली असेल म्हणून दार थोपटलं. काही नाही. दार उघडून अंडं पापणीला लावलं.

अंडं गार होतं. मधलीतली अंडी निम्म्याहून पुढे गेलेली, आठवड्याभरात पिल्लं बाहेर पडायची, आणि मावशींनी स्वतःच्या हाताने तिचा शेक तोडला होता.

त्यांनी आधी यंत्र सुरू केलं, मग सरळ मालकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या हातून मधली बंद पडली," त्या म्हणाल्या. "खिडकीवर वर नंबर होता. मी वाचला नाही."

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, "मावशी, तुमचेही डोळे थकले आता. उद्यापासून मागे ट्रे धुवायला बसा. बसून काम आहे. किल्ली वायरमनकडे द्या."

यंत्रांच्या खोलीची ती किल्ली मावशींच्या कमरेला इतकी वर्षं होती की ती काढताना त्यांना नेमकी कुठे अडकवलीय तेच आठवेना.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि मशीनवरून पाय उचलला. "डोळे थकले? तुझे? मग माझी सुई कोण ओवतं रोज? कारखान्याचा मालक?"

"सुई ओवणं वेगळं हो."

"वेगळं कसलं? भोक बारीक, दोरा बारीक, आणि मी तिकडे आंधळा. जाऊन सांगतो त्यांना."

"काही सांगायचं नाही. चूक माझी आहे."

"चूक तुझी असेल गं, पण डोळ्यांची नाही," असं म्हणून तो पुन्हा शिवायला लागला. त्या संध्याकाळी त्याने तिच्यापुढे तीन वेळा सुई धरली. मावशींना कळत होतं की एवढ्या सुया त्याला लागत नाहीत. त्यांनी तिन्ही ओवून दिल्या.

ट्रे धुवायची जागा मागच्या पत्र्याखाली होती. काम वाईट नव्हतं. पण चौघींपैकी कुणाचाही आवाज तिथे पोचत नव्हता, आणि मावशींचा जीव कासावीस व्हायचा. मधलीतली अंडी कशी आहेत? थोरलीचा पारा कुणी बघतंय का? मालकांनी वाईट वागवलं नव्हतं, पगाराला हात लावला नव्हता. पण आपण आता इथे नसलो तरी चालतं, हे कळून आलेलं माणूस ट्रे कितीही स्वच्छ धुवो, त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई एक स्टूल घेऊन पत्र्याखाली आली आणि समोर बसली. "मावशी, त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत ते मला दाखवाल? जसं केलंत तसंच?"

मावशींनी मान वर केली. घडल्यापासून प्रत्येकाने त्यांना 'असं कसं केलंत' विचारलं होतं. 'काय केलंत' हे विचारणारी ही पहिलीच. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसले.

दोघी टेबलाशी गेल्या. मावशींनी दाखवलं: हा हात इथे जातो, तिसऱ्या जागेवर, हे दाबलं. सूनबाई पट्टीकडे बघत राहिली. चार पिसं, चारही सारखी. पिसांपुढची नावं लांब होती म्हणून संगणकाने ती अर्ध्यात तोडली होती. 'उबवणी यंत्र क्र', 'उबवणी यंत्र क्र', 'उबवणी यंत्र क्र', 'उबवणी यंत्र क्र'. आकडा एकाचाही दिसत नव्हता.

वायरमन मागे उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, कालपासून मी तीनदा चुकीचं उघडलंय. वर बघून वाचलं म्हणून वाचलो. ही किल्ली मावशींना देऊन टाका, माझी झोप उडालीय."

तो गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाली, "मावशी, एक सांगू? ते पीस मी काढलेलंच नाही. मी ज्या साधनाने प्रोग्रॅम लिहिला, ते साधन प्रत्येक खिडकीला आपोआप पीस लावतं. सुताराच्या प्रोग्रॅमलाही पीस, दंतवैद्याच्याही. आपलं चित्र लावायचं असतं, ते मी लावलंच नाही. बाबांनी कौतुक सुरू केलं आणि मला बोलताच आलं नाही. चार वेगळी चित्रं लावली असती तर तुमच्या हातून हे झालंच नसतं."

मावशी आधी हसल्या. खाद्यवाला, डॉक्टर, शेजारणी, सगळ्यांनी त्या फुकटच्या पिसापुढे माना डोलावल्या होत्या! मग त्या गंभीर झाल्या. "हे इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "नवी आहेस घरात. मालक दहा जणांना सांगून बसलेत, त्यांना खाली बघायला लागेल. माझं काय, मी ट्रे धुतेय. तू चित्रं बदल, म्हणजे पुढे कुणाचं नुकसान व्हायला नको." बोलण्याच्या भरात त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

चित्रं बदलायला मात्र मावशीच लागल्या. सूनबाईने आधी एक, दोन, तीन, चार असे रंगीत आकडे केले.

"यातली थोरली कोणती?"

"चार नंबर."

"बघ! थोरली आणि चार नंबर! असं कुठे असतं का?"

तेव्हा सूनबाईने चौघींचे चेहरे काढायचं ठरवलं. त्या चित्राला जागा केवढी, तर सोळा घरं आडवी आणि सोळा उभी, सगळी मिळून नखाएवढीसुद्धा नाही. पडद्यावर तिने ती घरं मोठी करून मांडली आणि एकेक घर भरत गेली. तिचं पहिलं चित्र बघून मावशी म्हणाल्या, "ही मधली? हा तर बटाटा आहे."

"डोळे काढलेत की, मावशी."

"बटाट्यालाही डोळे असतात."

सूनबाई खळखळून हसली. लग्नानंतर ती इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच हसली असावी, कारण मालकांनी आपल्या खोलीतून डोकावून पाहिलं. मग दोघींचं वाजलंच. हिने नाक काढावं, तिने पुसायला लावावं. "नाक नको, राग दिसू दे." "राग सोळा घरांत कसा दाखवू?" "मला काय विचारतेस, शिकलीस ना तू?" शेवटी एक गोष्ट पटली, की अख्खा चेहरा नकोच, प्रत्येकीची एकच खूण ठेवायची. थोरलीला लाल रंग आणि डोक्यावर भला मोठा अंबाडा. धाकटीला हिरवा रंग आणि दोन वेण्या. शेंडेफळ पिवळं, टक्कल आणि मध्ये एकच बट. मधलीला निळ्या गोलात नुसते फुगवलेले ओठ. तिचे ओठ बघून वायरमनने दोन्ही हात जोडले. "हीच ती," तो म्हणाला.

सूनबाईने आपल्या संगणकावर सगळं जुळवलं. दुसऱ्या दिवशी ती प्रोग्रॅम कारखान्यात घेऊन आली आणि मालकांना बोलावलं. मावशीही हात पुसत येऊन दारात उभ्या राहिल्या. खिडक्या उघडल्या, आणि पट्टीवर पुन्हा ओळीने चार पिसं!

"काय बदललं?" मालकांनी विचारलं.

सूनबाईचा चेहरा पडला. तिने दोनदा बंद करून उघडलं. पिसं जागची हलेनात. मावशी दारातून टेबलापर्यंत आल्या, स्वतःसाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त. मग सूनबाईने कपाळावर हात मारला. "चित्रं माझ्याच संगणकावर राहिली! मी नुसता प्रोग्रॅम आणला. चित्र सापडलं नाही तर कुरकुर न करता पीस लाव, असं मीच त्याला सांगून ठेवलंय." ती धावत घरी गेली, चित्रं घेऊन आली, प्रोग्रॅमशेजारी ठेवली, आणि खिडक्या पुन्हा उघडल्या. अंबाडा, ओठ, वेण्या, एकच बट. चौघी पट्टीवर हजर झाल्या.

मालक वाकून बघत राहिले. त्यांनी खिडक्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट केला आणि म्हणाले, "मावशी, धाकटी दाखवा." मावशींनी वेण्या दाबल्या. "मधली." मावशींनी ओठ दाबले. मालकांच्या मिशीखाली हसू आलं, पण त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. "छान झालंय," ते म्हणाले. "पण किल्लीचं नंतर बघू. मधलीतलं काय निघतंय ते आधी बघू दे." आणि निघून गेले. मावशी पुन्हा पत्र्याखाली गेल्या.

पिल्लं निघायच्या दिवशी, म्हणजे अंडी ठेवल्यापासून एकविसाव्या दिवशी, मधलीत सकाळपासून शांतता होती. ज्या वेळी टरफलं टिचायला लागतात ती वेळ टळून गेली. मावशींनी एकच ट्रे किती वेळा धुतला त्याचा त्यांनाच पत्ता नव्हता. आत जायला किल्ली नव्हती आणि विचारायला जीभ उचलत नव्हती. जेवणाची वेळ झाली तरी डबा तसाच होता. आपली जागा गेली ती गेली, पण ती जिवंत निघू देत, असं त्या मनात म्हणत होत्या, आणि ते खरंच मनापासून म्हणत होत्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा सूनबाई पळत आली. आतल्या चपला बदलायचंही तिला भान नव्हतं. "मावशी, चला! आवाज येतोय!"

मधलीच्या दारापाशी मालक उभे होते. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. त्यांनी दार उघडलं. ओली, धडपडणारी, एकमेकांच्या अंगावर पडणारी पिल्लं ट्रेभर पसरली होती. काही अंडी तशीच होती. मालकांनी प्रत्येक ट्रे ओढून बघितला.

"थोडी गेली," मालक म्हणाले. "थोडी दर खेपेला जातात." मग त्यांनी वायरमनपुढे हात केला, किल्ली घेतली आणि मावशींसमोर धरली. "घ्या. आणि यापुढे मी कधी तुमच्या डोळ्यांबद्दल बोललो तर माझे डोळे तपासायला सांगा."

मावशींनी किल्ली घेतली. मालक पुढे म्हणाले, "काल जेवताना सूनबाईने सगळं सांगितलं. पीस तिचं नव्हतं, आपोआप आलं होतं, आणि चारही सारखी राहिली ही चूक तिची. म्हणाली, 'मावशींना यंत्रांवरून काढायचं असेल तर आधी माझा प्रोग्रॅम काढा.' माझ्यापुढे आवाज चढवला हो पोरीने! मी गावभर सांगत सुटलो होतो, मला राग आला. रात्रभर राग होता. सकाळी बघितलं तर रागावण्यासारखं काही सापडेना." एवढं बोलून ते डॉक्टरला फोन करायला गेले.

सूनबाई मधलीपुढे वाकून पिल्लं बघत होती. मावशी तिच्याजवळ गेल्या. आभार कसे मानायचे हे त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आता ते जमण्याची वाट बघायला वेळ नव्हता.

"सांगू नकोस म्हटलं होतं ना मी तुला?"

"म्हटलं होतंत."

"तरी सांगितलंस." मावशींनी किल्ली मुठीत धरली. "पोरी, मी इथे आयुष्य काढलं. माझ्यासाठी कुणाला भांडावं लागेल असं मला वाटलं नव्हतं, आणि वेळ आली तर कुणी भांडेल असंही वाटलं नव्हतं. तू भांडलीस. तुझे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

सूनबाईने डोळे पुसले. "मला फार भीती वाटत होती, मावशी."

"मालकांची?"

"नाही. सगळे माझं कौतुक करायचे थांबतील, याची."

"मग? थांबले?"

"आज सकाळी उठायला उशीर झाला, तर सासूबाई चक्क ओरडल्या. म्हणाल्या, 'सगळं आवरायचं पडलंय आणि तू लोळतेस काय?' मला हातात केरसुणी दिली." ती हसत होती आणि डोळे अजून वाहत होते. "मावशी, इतकं बरं वाटलं!"

"वाटणारच," मावशी म्हणाल्या. "पाहुणी होतीस, आज घरची झालीस."

त्यांनी किल्ली कमरेला लावली, आणि दोघी मिळून पिल्लं खोक्यांत भरायला लागल्या.